ब्रेड मशीन घेताय? आधी नागपूरचा उन्हाळा बघा

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली आमच्या प्रतापनगरात ब्रेड मशीनची खूप चौकशी चालू आहे, चांगलंच आहे, पण दुकानात आपल्या हवेबद्दल कोणी सांगतच नाही. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास जातो, यीस्ट भराभर फुगतं अन् ब्रेड मधोमध बसतो, म्हणून फ्रिजचं गार पाणी घ्या, यीस्ट थोडं कमी टाका, आणि दूध घालून रात्रभर टायमर तर अजिबात लावू नका. कणकेला मैद्यापेक्षा पाणी जास्त लागतं. घेताना एकच विचारा, लाइट जाऊन आल्यावर प्रोग्राम थांबला तिथूनच चालू होतो का, बाकी ढीगभर मोडचं मला काही कौतुक नाही. पुरवणीत यावर नीट माहिती छापा ना.

एक वाचक, नागपूर