काकू, तुमचा छोटा डबा अजून माझ्याकडेच आहे

काकू, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही माहितीये, चष्मा कुठंय यातच निम्मा दिवस जातो तुमचा, पण लेक वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितोय. काल एकादशी होती. बेंगळुरूला आल्यापासूनची पहिली. ऑफिसच्या कॅन्टीनला उपवासाचं काही नव्हतं, रूमवर आलो, शेंगदाणे काट्यावर ठेवले, बरोब्बर ५० ग्रॅम भरले आणि एकदम तुमची आठवण येऊन डोळ्यात पाणीच आलं. शेंगदाणे बघून रडणारा मी पहिलाच असेन.

बाकीच्यांसाठी सांगतो. काकू म्हणजे पुण्यातल्या माझ्या मेसच्या काकू. आमचं घर माळकरी, माळ माझ्याही गळ्यात आहे, त्यामुळे मटण-मच्छी सोडाच, अंडंही नाही. पुण्यात नोकरीला आल्यावर जिम लावली, वजन ५८ किलो. ट्रेनरने पहिल्याच दिवशी छापील डाएट चार्ट हातात दिला, आठ अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी चिकन, रात्री चिकन. म्हटलं मी व्हेज आहे, तर त्याने पेनाने सगळीकडे चिकन खोडून पनीर लिहिलं आणि वर प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारला. तीन महिने पावडर प्यायलो, जेवण होतं तसंच, पैसे संपले तसा डबाही संपला आणि वजन परत होतं तिथेच. तेव्हा साहेब माळेकडे बघून म्हणतात, "ये निकालना पडेगा भाई." हसत बोलला तो, पण मला ते अजून बोचतं.

बरं आपल्या लोकांचं तरी काय? नात्यातले एक काका म्हणाले, हत्ती बघ, गवत खातो आणि केवढी ताकद! अहो काका, हत्ती दिवसाला दीडशे किलो चारा खातो आणि दिवसभर दुसरं काही करत नाही. मला नऊ तास ऑफिस आहे.

तर एका रात्री मेसमध्ये ताट समोर ठेवून मी मोबाईलवर हिशोब करत बसलेलो, आणि काकू तुम्हाला वाटलं जेवण आवडलं नाही. तुम्ही विचारलंत, मी घाबरत सांगितलं की आमटीत प्रोटीन किती असेल ते बघतोय. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही वाटीत डोकावून म्हणालात, "अरे त्यात डाळ शोधायला पाणबुड्या सोडावा लागेल!" स्वतःच्या मेसच्या आमटीवर असं बोलणारी बाई मी पुन्हा बघेन असं वाटत नाही.

मग आपला हिशोब झाला. साधारण माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रोटीन चालतं, पण वजनं उचलून अंग भरायचं तर १.६ च्या आसपास लागतं, म्हणजे मला नव्वदच्या पुढे. आणि दोन वेळचं ताट मोजलं तर ४५. तुम्ही म्हणालात, निम्मंच आहे की रे, उपाशीच ठेवला म्हणायचं तुला. त्यात माझी काय चूक, तुमची काय चूक, पण तुम्हाला ते लागलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात पातळ आमटीऐवजी मटकी नाहीतर हुलग्याची घट्ट उसळ. पोळी-भाताला जे कमी असतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्याला कमी असतं ते पोळी-भातात, हे कुठलंही पुस्तक न वाचता तुम्हाला ठाऊक होतं, "नुसती उसळ पिऊ नको, पोळीशी खा". सोयाबीनच्या वड्यांचा वास तुम्हाला सहन होत नव्हता तरी गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मिक्सरला फिरवून थालीपिठात घालायला लागलात, ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रोटीन, आणि खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रात्री मोठा ग्लास दूध. तुमचं माहेर कोल्हापूरचं, गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथेच फेसाळतं दूध पिणारे पैलवान लहानपणापासून बघितलेले, तुम्हाला माझ्या पावडरचं कौतुक कसं असणार! जास्तीचे पैसे देऊ केले तर वड्यांचे आणि दुधाचे तेवढे घेतलेत, वरचे परत केलेत.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. एकादशीला मेसमध्ये सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी असायची, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. मी काही बोललो नव्हतो, उपवास माझा, मी काय बोलणार. आषाढी होती, मी खिचडी घेऊन उठणार तेवढ्यात तुम्ही आतून छोटा स्टीलचा डबा आणून माझ्यापुढे ठेवलात. अर्धा लिटर दह्याचा चक्का, मीठ-जिरं लावलेला, वर भाजलेले शेंगदाणे, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं, "दाणे ५० मोजलेत". बास. कोणाला सांगितलं नाहीत, बाकीच्या पोरांसमोर मिरवलं नाहीत. त्यानंतर एकही एकादशी चुकली नाही. मला कॅलेंडर बघायला लागायचं, तुम्हाला नाही.

त्या ट्रेनरला माझ्यापेक्षा दहापट जास्त माहिती असेल हो. पण माळ काढ म्हणायला एक सेकंद लागतो आणि माळेसकट माणसाला जेवू घालायला रोज सकाळी पाचला उठून वड्या पिळाव्या लागतात. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत म्हणून आपल्याला दिसतही नाहीत, आणि मी तर आठ महिने जेवून नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, निघायच्या दिवशी नुसता पाया पडलो आणि रिक्षात बसलो.

वजन आता ६३ आहे काकू. जुने शर्ट दंडाला होत नाहीत.

आणि तो डबा सामानात माझ्याबरोबर इकडे आलाय, चिकटपट्टी अजून आहे, अक्षर थोडं पुसट झालंय. दिवाळीत पुण्याला येतोय तेव्हा आणतो. रिकामा परत देत नाहीत असं आई म्हणते, तर त्यात काय भरून आणू ते लेकीला सांगून कळवा. म्हैसूरपाक चालेल का? साखर वाढलीये म्हणत होतात, म्हणून विचारतोय.