ब्लँकमध्ये जे निघालं त्याबद्दल

सांगली, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. मला कळलं ते एवढंच, की तुझ्याकडे दोन महिन्यांसाठी आलेली आयसीएमआरच्या एसटीएसची, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन-शिष्यवृत्तीची, मुलगी काल लॅबमध्ये रडली. लहान मुलांच्या नाकाचे स्वॅब झाले, डीएनए काढून झाला, सिक्वेन्सिंगही झालं, आणि मग ब्लँकमध्ये, म्हणजे ज्या नळीत स्वॅब घातलाच नव्हता तिच्यात, जीवाणूंची लांबलचक यादी निघाली. तू विचारलंस, ‘आई, रिपोर्ट द्यायला तीन आठवडे उरलेत, आता हिला काय सांगू?’

आधी हे विचार, की ब्लँक लावायला तिला कोणी सांगितलं होतं? तू सांगितलं असशील तर तू शहाणी. तिनं आपणहून लावला असेल तर ती तुझ्याहून शहाणी.

२०१४ सालचा तो पेपर तू वाचला असशीलच, पण तिला पुन्हा एकदा बसून वाचायला दे. थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवर माए ला नावाची निर्वासितांची छावणी आहे. तिथल्या तान्ह्या बाळांचे स्वॅब नाकाच्या मागच्या भागातून पुन्हा पुन्हा घेतले होते. निष्कर्ष अगदी देखणा निघाला होता: बाळ मोठं होतं तसतशी नाकातली वस्ती बदलत जाते. सुझॅना सॉल्टर आणि तिच्या सहकाऱ्यांनी नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की डीएनए काढायचं किट संपल्यावर नवं मागवलं होतं. बाळाच्या वयाबरोबर किटचा लॉटही, म्हणजे कारखान्यातली खेपही, बदलत गेली होती. किटमधल्या द्रावणातच थोडा जीवाणूंचा डीएनए असतो. नाकाच्या स्वॅबमध्ये मुळात माल कमी, त्यामुळे हा भेसळीचा डीएनए वर येतो आणि बाळाचा म्हणून मोजला जातो. शौचाच्या नमुन्यात इतके जीवाणू असतात, की तिथं ही भेसळ बुडून जाते. नाक आणि फुप्फुस मात्र मूठभर वस्तीची गावं. तिथं परगावचा एक पाहुणाही मोजदाद बिघडवतो.

त्यांच्या भेसळीच्या यादीत ब्रॅडीरायझोबियम आहे. आपल्या जिल्ह्यातला कोणताही सोयाबीनवाला पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं कल्चर चोळतो, ते याच कुळातलं. तुझ्याकडच्या या मुलीच्या यादीत ते असेल तर तिला म्हणावं, बाळाच्या नाकात सोयाबीन पेरलेलं नाही, तेव्हा हे कुठून आलं ते शोध. तिचा रिपोर्ट तोच आहे. कोणत्या लॉटमध्ये काय निघालं, ब्लँकमध्ये किती, स्वॅबमध्ये किती, आणि ते वजा केल्यावर खरं म्हणण्यासारखं काय उरतं. तीन आठवड्यांत होण्याजोगं काम आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

माझ्या मायक्रोबायोलॉजी विभागात एक रबरी शिक्का होता, ‘नॉर्मल रेस्पिरेटरी फ्लोरा’. रोज दहादहा वेळा लिहून हात दुखायचा म्हणून मीच तो करून घेतला होता. घशाचा स्वॅब, बेडका, काहीही येवो, प्लेटवर छातीचे आजार करणारे नेहमीचे जीवाणू, म्हणजे न्यूमोकॉकस नाही, हिमोफिलस नाही, क्लेब्सिएला नाही, की शिक्का. बाकी जे उगवलं असेल ते ‘इतर’. आम्हाला शिकवलंच तसं होतं आणि मीही पुढे तसंच शिकवलं. आज तुझं सगळं काम त्या ‘इतर’वर चाललंय, हे आठवलं की हसू येतं. पूर्ण हसू नाही, अर्धंच.

एका वर्षी एमडीची एक रेसिडेंट माझ्याकडे थीसिस करत होती. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आराखड्यात, विषय साधा: लहान मुलांच्या नाकात न्यूमोकॉकस किती जणांत सापडतो आणि तो कोणत्या औषधांना दाद देत नाही. ब्लड अगर, मेणबत्ती पेटवून झाकण लावायची ती काचेची बरणी, मग न्यूमोकॉकस ओळखायची ऑप्टोचिनची चकती, सगळं नेमानं करायची. हस्ताक्षर मोत्यासारखं. तिनं रजिस्टरमध्ये स्वतःच्या मनानं एक जादा कॉलम आखला होता, ‘डिफ्थेरॉइड: भरपूर / थोडे / नाही’. डिफ्थेरॉइड म्हणजे शिक्क्यातल्या त्या ‘इतर’पैकीच. एका संध्याकाळी मी सह्या करत होते तेव्हा ती आली नि म्हणाली, ‘मॅडम, जिथं डिफ्थेरॉइड भरपूर आहेत तिथं न्यूमोकॉकस फारसा दिसत नाही.’

मी म्हटलं, ‘ते कॉमेन्सल आहेत, नाकातले निरुपद्रवी रहिवासी. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये नाहीत. तो कॉलम काढून टाक.’

तिनं काढून टाकला.

२०१६ साली मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना लिंडसे बोमार, कॅथरिन लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर वाचनात आला. ज्या मुलांच्या नाकपुडीत न्यूमोकॉकस नव्हता त्यांच्यात कोरिनेबॅक्टेरियम, म्हणजे आमचे तेच डिफ्थेरॉइड, जास्त होते. त्यांनी पुढे कारणही शोधलं. कोरिनेबॅक्टेरियम अ‍ॅकोलेन्स त्वचेवरच्या चरबीचे रेणू फोडतो, त्यातून ओलिक आम्लासारखी मेदाम्लं सुटतात आणि ती न्यूमोकॉकसला वाढू देत नाहीत. त्याच वर्षी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनहून झिपरर, क्रिस्मर, पेशेल यांचा पेपर आला. नाकातच राहणारा स्टॅफिलोकॉकस लुगडुनेन्सिस स्वतःचं एक अँटिबायोटिक बनवतो. १८७ रुग्णांच्या नाकांत पाहिलं, तर लुगडुनेन्सिस असलेल्यांत आजार करू शकणारा स्टॅफ ऑरियस ५.९ टक्के, नसलेल्यांत ३४.७ टक्के. त्या रात्री मला झोप आली नाही.

तुला वाटेल, आई शोध हुकल्याचं दुःख करतेय. तसं नाही गं. तिच्या रजिस्टरवरून काहीच सिद्ध झालं नसतं. कदाचित स्वॅब कमी खोल गेले असतील, म्हणजे डिफ्थेरॉइड जास्त आले आणि मागचा न्यूमोकॉकस हाती लागलाच नाही. कदाचित आधी कुणी अँटिबायोटिक दिलं असेल. कदाचित योगायोग असेल. पण हे प्रश्न तिला विचारायचे राहिले, आणि ते विचारणं हेच माझं काम होतं. मी तिला फक्त सिनॉप्सिस दाखवला.

म्हणून तुझ्याकडच्या त्या मुलीच्या रडण्यावर माझं लक्ष आहे. ब्लँकमध्ये काही निघालं हे तिनं तुला येऊन सांगितलं. न सांगता ती फाइल बाजूला ठेवू शकली असती, आणि तुला कळलंही नसतं. पुढच्या वेळी ती येईल का, हे काल तुझा चेहरा कसा होता यावर ठरणार. तू वैतागली होतीस का? खरं सांग. मला तुझा फोनवरचा आवाज ऐकू आला होता.

तुमच्या विषयात एक धोका मला फार दिसतो, तोही तिला आत्ताच दाखवून ठेव. ‘चांगले जीवाणू’ म्हटलं की लोक लगेच पुडी विकायला निघतात. ओडिशातला अभ्यास सगळे सांगतात: पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं गावांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर केलेली चाचणी, २०१७. आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक विशिष्ट जात, सोबत तिचं खाद्य म्हणून एक साखर. सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला गंभीर संसर्ग, किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले, श्वसनमार्गाच्या खालच्या भागातले संसर्गही कमी झाले. पोटात गेलेल्या जीवाणूनं छातीचं रक्षण करावं, हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. पण लगेच दुसरं पान उलट. २०२१ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या २,६५० मोठ्या रुग्णांना दुसरा एक लॅक्टोबॅसिलस, ऱ्हॅम्नोसस जीजी, किंवा नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली मात्रा, दिली होती. न्यूमोनिया दोन्हीकडे सारखाच, २१.९ आणि २१.३ टक्के. वेगळी जात, वेगळं वय, वेगळं आजारपण. तिला दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांग आणि तिचं मत आधी ऐक. तुझं मत शेवटी. तू लहानपणापासून आधी बोलतेस.

परवा मी त्या रेसिडेंटला फोन लावला. ती आता एका खासगी लॅबमध्ये आहे, मुलगा बारावीला आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी भीत भीत त्या कॉलमचा विषय काढला. तिला डिफ्थेरॉइड आठवतच नव्हते. जरा थांबून म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही त्या दिवशी सह्या करत होतात ना? मी दारात उभी होते आणि तुम्ही वर बघितलंच नव्हतं, तेवढं आठवतंय.’ हसून म्हणाली. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथंच बसून होते.

ब्लँकचे आकडे मला पाठव, चष्मा लावून बघते. आणि त्या मुलीला एका शनिवारी इकडे घेऊन ये. भडंग करून ठेवीन.

तुझी,
आई

ता. क. ओमच्या वाहत्या नाकाचं काल विचारायचं राहून गेलं. ताप नाही, दूध पितोय, खेळतोय, तर ते नाक वाहू दे. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक फ्रिजमध्ये आहे असं जावईबापू म्हणत होते. ते आजच्या आज टाकून द्यायला सांग. मी सांगितलं तर त्यांना राग येतो.