रविवारची वेताळ टेकडी राइड रद्द

मंडळी, नमस्कार.

पाऊस लागलाय, त्यामुळे या रविवारी वेताळ टेकडीवर सायकल न्यायची नाही. सलग दोन-तीन दिवस उघडीप मिळून माती वाळेपर्यंत हे सगळ्यांना लागू. नवी सायकल घेतलेल्यांनाही!

खाणीकडे उतरणाऱ्या पायवाटेवरची चाकोरी गेल्या आठवड्यात बोटभर खोल होती. काल बघितली तर वीतभर. ओल्या मातीत ब्रेक दाबून चाक घसरवलं की चर पडतो, पुढच्या सरीचं पाणी त्यातूनच धावतं आणि मुरूम उघडा पडेपर्यंत माती धुऊन नेतं. मग चिखल चुकवायला आपण कडेच्या गवतातून जातो, वाट रुंदावत जाते. तिथल्याच उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. अगदी खड्यांसारखी दिसतात, सायकलवरून तर दिसतच नाहीत.

उड्या मारायला कोणीतरी माती खणून, दगड रचून रॅम्प केलाय. टेकडीची बरीच जमीन वनखात्याची आहे, तिथे असं खणायचं नसतं. शनिवारी सकाळी साडेसहाला फावडी घेऊन या, मिळून सपाट करू. कोणी केलं ते विचारणार नाही.

उड्यांच्या सरावाला वेगळी जागा हवी, हे मान्य. पण ती टेकडीबाहेर. तसा अर्ज महापालिकेला द्यायचाय, मसुदा शनिवारीच वाचू.

रविवारी डांबरी रस्त्यानं खडकवासला. नळ स्टॉपहून पावणेसहाला निघू. मागचा दिवा लावून या.