कुत्र्या-मांजरांना खायला वाढताना वय बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर अख्खं पान होतं, वाचून मजा आली, कुत्र्यांचे वाढदिवस, केक, स्वेटर, कुठल्या हॉटेलात घेऊन जाता येतं वगैरे सगळं होतं, पण त्यांना रोज खायला काय घालायचं आणि कुठल्या वयात काय, यावर एक ओळ नाही. माझं नाशिकला पेट फूडचं छोटंसं दुकान आहे, त्यामुळे हा आपलाच माल खपवायला पत्र लिहितोय असं कुणाला वाटेल, वाटू दे, कारण खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तरी माझ्या गल्ल्याच्या विरोधातच जाणारं आहे.

काउंटरवर सगळ्यात जास्त काय मागतात तर कॅल्शियमची बाटली. लॅब्राडॉर नाहीतर जर्मन शेफर्डचं अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू काखेत घेऊन येतात आणि म्हणतात दादा, हाडं मजबूत झाली पाहिजेत, मोठी बाटली द्या. खायला काय घालता विचारलं की म्हणतात पपी फूड. अहो मग त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतंच की! मोठ्या जातीच्या पिल्लांचं असं आहे की साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम बाहेर ठेवणं जमत नाही, वरून जे ओताल त्यातलं बरंचसं अंगात जातं आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. म्हणजे हौसेनं पैसे घालवून पिल्लाला लंगडं करायचं काम.

याच्या उलट टोकही बघितलंय. एकांनी पिल्लू काउंटरवर ठेवलं तर पुढचे पंजे सपाट पसरलेले, पाय मनगटापासून बाहेर वाकलेले, उभं राहताना थरथरत होतं. काय देता तर म्हणे एकदम बेस्ट, रोज बोनलेस चिकन, दुसरं काही नाही. आता नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतूनच ओढून घेतं आणि हाडं पोकळ होतात. त्यांनाही बाटलीच हवी होती, मी दिली नाही, आधी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, एक्सरे काढा म्हटलं, थोडे रागावले पण गेले. पपी फूड द्या नाहीतर घरचं बनवा, पण घरचं बनवायचं तर व्हेटला विचारून प्रमाण ठरवून घ्या, अंदाजपंचे नको.

पार्किंगमध्ये सापडलेल्या बिनआईच्या पिल्लांना लोक गाईचं दूध पाजतात, भावना चांगली आहे पण कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रोटीन आणि फॅट असतं आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर कमी, त्यामुळे गाईच्या दुधानं पिल्लं जुलाबानं हैराण होतात आणि वजनही वाढत नाही. त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते. तीन-चार आठवड्यांची झाली की मऊ कालवलेलं खाणं सुरू करायचं, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं, सहा महिन्यांनंतर दोनदा पुरतं. गाभण कुत्रीला पहिल्या दिवसापासून दुप्पट खायला घालू नका, शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, खरी भूक लागते ती पिल्लं अंगावर प्यायला लागल्यावर, तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका.

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांचा प्रॉब्लेम एकच, लाड. नसबंदी झाल्यावर कॅलरी कमी लागतात आणि भूक उलट वाढते, हे कुणी सांगतच नाही, मग तेवढंच ताट चालू राहतं, वर चहाबरोबर बिस्किटं, आजीच्या हातची तुपाची पोळी, संध्याकाळी शेजाऱ्यांकडून काहीतरी. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे, नाहीतर कुत्रा जाड आहे, तो "तब्येतीनं चांगला" नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर जन्मभर केलेला अभ्यास २००२ साली छापून आला, भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले आणि दुसरे सव्वाअकरा. गंमत म्हणजे हा अभ्यास एका पेट फूड कंपनीचाच होता!

मांजरांचं गणित वेगळंच. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-भात, शाकाहारी घरात तर दुसरं काही मिळतच नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतूनच येतं, तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. कमी पडलं की डोळे जातात, हृदय मोठं होऊन कमजोर पडतं. १९८७ मध्ये हे हृदयाचं लक्षात आलं ते विकतचं फूड खाणाऱ्या मांजरांमध्ये, त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. कुत्र्याच्या फूडमध्ये मांजराला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही, म्हणून ते मांजराला घालून भागत नाही, स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तेच नेतात. दूध तर मोठ्या मांजराला बऱ्याचदा पचतही नाही.

आता म्हाताऱ्यांबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. घरातल्या आजोबांचं पथ्य कुत्र्यालाही लावतात, वय झालं म्हणून अंडी-चिकन बंद आणि दहीभात सुरू. तब्येत ठीक असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रोटीन तोडलं तर त्याच्या मांड्या गळतात आणि जिना चढेनासा होतो. किडनीचा त्रास निघाला तर खाण्यात फॉस्फरस कमी करावा लागतो, पण ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतील, आपण वयावरून नाही. म्हाताऱ्या मांजरांचं पुन्हा उलटं, अकरा-बारा वर्षांनंतर अन्न नीट पचत नाही म्हणून कमी नाही तर जास्त आणि चांगल्या प्रतीचं लागतं, ओलं फूड दिलं तर पाणीही पोटात जातं. आणि "वय झालंय, दोन दिवस खाल्लं नाही, खाईल उद्या" असं करत बसू नका, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरमध्ये चरबी साठून जीव जाऊ शकतो, जाड असेल तर धोका आणखी जास्त.

कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं-मनुके (आमच्या नाशिकला तर सीझनला घरोघर पेट्या असतात), चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कुठल्याच वयात नकोत. फूड बदलायचं असेल तर आठवडाभर जुन्यात नवीन मिसळत बदला.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा एखाद्या व्हेटर्नरी डॉक्टरकडून पिल्लू, मोठं, गाभण, म्हातारं असा साधा तक्ता करून छापा, कुत्र्यांचा वेगळा आणि मांजरांचा वेगळा. लोक कापून फ्रीजवर लावतील. मी तर कॅल्शियमच्या बाटल्यांच्या शेल्फवरच चिकटवणार आहे.

आपला,
एक वाचक आणि दुकानदार, नाशिक