ती ओळ गाऊ का?

धारवाड,
सोमवार, रात्री साडेअकरा

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून आई घाबरेल, म्हणून आधी तेच सांगते. तब्येत बरी आहे, जेवते, पैसे संपलेले नाहीत. फोन सोडून पत्र का, तर बाबा, फोनवर तुम्ही "हां, बरं, आईला देतो" याच्या पुढं जात नाही, आणि का जात नाही ते आपल्याला तिघांनाही ठाऊक आहे. तीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभं राहिलेल्या कानात 'स' आणि 'श' शिरत नाहीत. मला जे विचारायचंय त्यातला एकही शब्द गळून चालणार नाही. म्हणून कागद.

पण आधी दौऱ्याचं. बाबांनी निघताना विचारलं होतं, "एकटीचा कार्यक्रम म्हणजे नेमके किती जण?" दोन. मी आणि साऊंडचा पोरगा. तोच ड्रायव्हर, तोच तिकीट फाडणारा, आणि सोलापुरात तोच निम्मा प्रेक्षक. तिथं एकतीस लोक आले, त्यात हॉलचा वॉचमन धरलाय. पुण्यात दीडशेच्या आसपास होते. पहिल्याच गाण्याला मी गिटारवर कॅपो, म्हणजे सूर चढवायचा चिमटा, लावायला विसरले आणि गाणं एक सूर खाली सुरू झालं. तिथला खालचा स्वर माझ्या गळ्यात नाहीच. बँडमध्ये असताना असं झालं की आम्ही चौघं एकमेकांकडं बघायचो आणि चूक चौघांत वाटली जायची. इथं बघायला कोणी नाही. मी थांबले, "चुकलं, परत सुरू करते" म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या गवयांच्या बैठकीत असं चालत नसेल, बाबा, पण आमच्यात चालतं. किंबहुना लोकांना तेच आवडतं की काय अशी मला शंका आहे.

आई, एकटी असून मागं इतके आवाज कुठून येतात असं तू व्हिडिओ बघून विचारलं होतंस. पायाशी एक पेडल असतं, त्याला लूपर म्हणतात. पाय दाबून चार मात्रा वाजवायच्या, परत पाय दाबला की तेवढंच पुन्हापुन्हा वाजत राहतं. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. ताणा आधी लावून ठेवायचा आणि मग गळ्यानं बाणा टाकत जायचं. पाय पाव सेकंद उशिरा पडला तरी ती चूक सगळं गाणंभर फिरत राहते, हा त्यातला शाप.

मिरजेला गिटारच्या मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी तडकली. कार्यक्रम संध्याकाळी, आणि मी सकाळी दहाला रडकुंडीला आलेली. मग सतारमेकर गल्लीत गेले. तुम्हीच सांगायचात ना, की इथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, आणि हत्यारांचं काम गेल्यावर सतारी-तंबोऱ्यांकडे वळले? २०२४ साली त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात छताला कडू भोपळे टांगलेले, खाली एक म्हातारे गृहस्थ कानशीनं सतारीची घोडी घासत बसलेले. गिटार उलटसुलट करून म्हणाले, "हिची जवारी काढू काय?" जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला झंकार, सतारीला असते, गिटारला कुठली? सगळं दुकान हसलं. पण तासाभरात त्यांनी हाडाची पट्टी घासून बसवून दिली, प्रत्येक तारेची खाच वेगळी मापून. आता तिसरी तार जराशी झिणझिणते. मी ती तशीच ठेवलीय, गिटारला थोडी मिरज लागली म्हणून.

कोल्हापुरात कार्यक्रम एका वाड्याच्या चौकात होता, म्हणजे उघड्यावर. रात्री दहाच्या पुढं उघड्यावर स्पीकर लावायचा नाही, २००० सालचा नियम आहे. आम्ही सुरूच उशिरा केलं होतं. दहाला पाच मिनिटं असताना दारातल्या हवालदारांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. एक गाणं उरलं होतं, आणि त्या गाण्याला मागाचा आवाज लागतो.

हो, मागाचा. आता मुद्द्यावर येते.

बाबा, माग जाण्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, दोन मिनिटं एक चालवून दाखवा, मोबाईलवर घेते. तुम्ही म्हणालात, रिकामा माग चालवू नये. मग बीमावर उरलेलं हातभर सूत होतं ते जोडलंत, धोट्यात कांडी घातलीत आणि दोरी ओढलीत. मला वाटतं तुम्ही समजलात की पोरगी आठवण म्हणून घेतेय. मीही तेव्हा तसंच समजत होते. पुण्याला आल्यावर तो आवाज लॅपटॉपवर टाकला, मोजला. मिनिटाला १३२ फटके. आमच्यात गाण्याचा वेग असाच मोजतात, मिनिटाला ठोके किती. नाचायच्या गाण्याला साधारण हाच वेग लागतो, हे कळल्यावर मी एकटीच खोलीत हसत बसले. साऊंडच्या पोरानं आवाजाची पातळी विचारली. त्या दिवशी मी मोबाईलवर तीही बघितली होती, एका मागाला ९८ डेसिबल दाखवत होता. तो म्हणाला, कारखान्यात आठ तासांसाठी ९० ची मर्यादा असते. आपल्याकडं चार माग होते आणि तास कोण मोजत होतं.

त्या आवाजावर मी गाणं लिहिलं. गेल्या आठ महिन्यांत तुम्हाला ऐकवलं नाही. पुणे, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आज धारवाड, पाच गावांत गाऊन झालं. रविवारी बेळगावात आहे.

गाणं माग गेल्यानंतरच्या पहिल्या रात्रीचं आहे. आई, तुला आठवतं का? आपण तिघं शेजारी शेजारी पडलेलो आणि कोणालाच झोप नाही. लोकांना आवाजानं झोप येत नाही, आपल्याला आवाज नाही म्हणून येईना. मी उठून तो खडखडणारा पंखा बंद करायला गेले तर तू अंधारातून म्हणालीस, "राहू दे गं, खडखडूलालाय ते बरं हाय." आणि मग पाच मिनिटांत तू घोरायला लागलीस. त्यानंतर वायरमन दोनदा येऊन गेला, पण त्या पंख्याला तू हात लावू दिला नाहीस.

गाण्याचं मधलं कडवं असं आहे. बाबा, चष्मा लावून वाचा.

चार माग गेले किलोवर, खिशात पावतीची घडी,
आवाज गेला घरातला, झोप येईना थोडी.
पंखा राहू दे, खडखडूलालाय,
साकु, मल्को. साकु, मल्को.

शेवटची ओळ कन्नड, शेजारच्या अव्वाची. रात्रपाळी लांबली की ती भिंतीपलीकडून ओरडायची, पुरे आता, झोपा. पुण्यातल्या लोकांना वाटलं मी गंमत म्हणून काहीतरी बोल घातलेत. आज धारवाडात पहिल्यांदा ती ओळ आली आणि सगळा हॉल हसला, आणि दुसऱ्या वेळी माझ्याआधी त्यांनीच म्हटली. बेळगावासाठी मला दोन्हीकडून निरोप आलेत. एक मैत्रीण म्हणते, आपल्या गावात मराठी गाण्यात कन्नड ओळ कशाला, उगाच कोणी काही बोलेल. दुसऱ्या एकाला पोस्टरवर कन्नड अक्षरं वर आणि मोठी हवीत. पोस्टर दोन्ही भाषांत सारखं छापलंय. आणि अव्वाची ओळ काढायची का, हे मी गावातल्या कोणालाही विचारणार नाही. ती बाई पंचवीस वर्षं ओरडली आहे, तिचा हक्क आहे.

विचारायचंय ते पहिल्या ओळीचं.

बाबा, गल्लीत तुम्ही सांगितलंय की माग इचलकरंजीला भाड्यानं दिलेत. आत्यालाही तेच सांगितलंत. टेम्पो पहाटे पाचला बोलावला होतात, गल्ली उठायच्या आत. भंगारवाल्यानं काट्यावर एकेक सांगाडा चढवला तेव्हा तुम्ही मला आत चहा करायला पाठवलंत. मी चहा केला, पण खिडकीतून बघितलं. पावती तुम्ही चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलीत आणि तो शर्ट आठवडाभर धुवायला टाकला नाहीत. हे मी लिहायला नको होतं का, मला खरंच ठरवता आलेलं नाही. लिहिताना मात्र विचार केला नाही, हे कबूल करते. चांगली ओळ सापडली की ती कोणाची आहे हे माणूस विसरतो.

गाणं लिहिणाऱ्यांची जी रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, आयपीआरएस, तिथं प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती हिस्सा. २०१२ साली कायदा बदलला तेव्हापासून तो हिस्सा गीतकार-संगीतकाराकडून कोणी लिहूनसुद्धा घेऊ शकत नाही. मी दोन्हीकडं माझं नाव घातलं. मग बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले. पंख्याची ओळ आईची, शेवटची अव्वाची, १३२ ची लय बाबांच्या मागाची. माझं काय, तर 'घडी' आणि 'थोडी'चं यमक.

कोल्हापूरचं अर्धं राहिलं. स्पीकर बंद म्हटल्यावर मागाचा आवाज लावता येईना. साऊंडचा पोरगा म्हणाला, "नियम भोंग्याला आहे, गळ्याला नाही." म्हणून मी माईक बाजूला ठेवून जोत्यावर येऊन बसले आणि लोकांना सांगितलं, आमच्याकडं चार माग होते, एकाचा ठोका असा पडायचा. खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवला. शे-सव्वाशे लोक तो ठोका वाजवू लागले. आधी सगळे एकसारखे, मग मागची रांग जरा मागं पडली, डावीकडची पुढं गेली, आणि बाबा, तो हुबेहूब आपला शेड झाला. चारही माग कधी एका ठोक्यावर चालायचे नाहीत ना, एकमेकांपासून घसरत घसरत मध्येच एक क्षण जुळायचे? तसं. हवालदारही दाराच्या फळीवर बोटं वाजवत होते. मला पुढचे शब्द आठवेनात.

आज धारवाडात गाताना मनात एक गोष्ट आली, ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. मनात आलं, रविवारी बाबा समोर बसले तरी हॉलच्या घुमाऱ्यात त्यांना ही ओळ कळणारच नाही. ठोका ऐकू येईल, माझा आवाज येईल, 'किलोवर' आणि 'पावती' निसटून जातील. गल्लीतले सगळे ऐकतील, आत्या ऐकेल, आणि तुम्ही एकटे टाळ्या वाजवत बसाल. मला न विचारता गाऊन टाकता आलं असतं. चिकोडीच्या काकांनी नंतर काही विचारलं असतं तर "कवितेत असतंच असं" म्हणता आलं असतं. हे सुचल्यावर मला स्टेजवरच कसंतरी झालं आणि पाय लूपरवर उशिरा पडला.

तर बाबा, हे कडवं तुमच्यापुढं आहे. ओळ नको असेल तर हिशेबाच्या वहीत मारता तशी निळ्या पेन्सिलीनं काट मारा आणि शेजारच्या पोराला मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सांगा. मी दुसरी ओळ घालीन, किंवा तिथं नुसता मागच वाजू देईन. राहू दे वाटलं तर काहीच करू नका. कारण सांगायची गरज नाही. आत्याला काय सांगायचं याचा विचार आपण नंतर करू. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टनं टाकते, बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. शुक्रवारी पणजी आहे, शनिवारी रात्री मी बेळगावात पोचेन, पण तालमीच्या गडबडीत घरी यायला जमणार नाही.

पैशाचं: पाच कार्यक्रमांचा सगळा खर्च वजा जाता अठरा हजार चारशे उरलेत. सोलापूर नसतं तर जास्त उरले असते. त्यातले दहा आईच्या खात्यात टाकते, ते गॅसच्या शेगडीसाठी आहेत, सत्यनारायणासाठी नाहीत.

रविवारी दारावर माझं नाव सांगा, तीन पास ठेवलेत, तिसरा अव्वाचा. तिला आठवणीनं आणा, जिना आहे, हात धरा. बाबांना पहिल्या रांगेत उजव्या टोकाला बसवायचं, त्यांचा डावा कान बरा आहे आणि स्टेज त्या बाजूला येतं. कापसाचे बोळे घेऊन या, दुसऱ्या गाण्याला आवाज मोठा आहे. कुंदा आणू नका, मागच्या खेपेचा अजून डब्यात आहे.

आणि तो पंखा कोणी दुरुस्त करायला आलं तर परत पाठवा. सोमवारी मी घरी झोपायला येतेय.

तुमची,
धाकटी