अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एम्स गावी असलेल्या लेकीस

चि. प्रतीक्षास,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी फोनवर मी आवाज चढवला, त्यावरून तुझ्या आईनं दिवसभर ऐकवलं. पण माय, लॅबमधून अंधारात चालत निघालीस, थंडीनं फोनची बॅटरी बसली, आणि इथं आम्ही नुसते नंबर लावत बसलो. मी फोनात हवामान बघायला लातूरच्या खाली एम्स लावून ठेवलंय. वर 15, खाली उणे 21. वाऱ्यानं तीच थंडी उणे 28 वाटायला लागली की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होतो, हे तूच सांगितलंस ना? तुमच्या स्टोरी काउंटीत आडवा यायला डोंगर नाही. कॅनडाकडून निघालेलं वारं थेट तुझ्या दारात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव. पॉवर बँक घे, पैसे मी टाकतो.

खरं तर मला उन्हाळ्याचं लिहायचं होतं. जुलैत मक्याच्या रानातून व्हिडिओ केलास, तेव्हा तुझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. मका पानांतून इतकी वाफ सोडतो की हवा कोकणासारखी चिकट होते, हे ऐकून अण्णा चाट पडले. तिथं वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्यापेक्षा फार जास्त नाही. पण तो चार महिन्यांत उरकून जात नाही. आणि वर शेतात नळ्या गाडून पाणी बाहेर काढून देतात! मला 2016 आठवलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू टँकरच्या रांगेत घागरीवर वही ठेवून गणितं सोडवायचीस. तीच पोर आज तिथं सोयाबीनच्या रोगांवर काम करते. पारावर कुणी विचारलं की मी सावकाश, सगळं सांगतो.

10 ऑगस्ट 2020 च्या वादळाचे फोटो मात्र दाखवायला नको होतेस. उभा मका मैलोन् मैल झोपलेला. 2014 च्या गारपिटीनंतर आपलं हरभऱ्याचं रान असंच दिसत होतं, त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सायरन वाजला की तळघरात जायचं, खिडकीशी उभं राहून शूटिंग करायचं नाही. आणि तेव्हाही फोन चार्ज असला पाहिजे. बघ, परत तेच. उपदेश फार झाला, राग मानू नकोस. तुला तिथलं हवामान माझ्याहून जास्त कळतं. तरी अंधार पडल्यावर बस चुकली तर लॅबमध्येच थांब, सोबत बघ.

एक विचारायचं राहिलं. माती 10 अंशांवर आल्याशिवाय तिथं मका पेरत नाहीत म्हणालीस. तो थर्मामीटर मातीत किती खोल खुपसतात, आणि सकाळी बघतात की दुपारी? नीट विचारून कळव. अण्णांची नि माझी त्यावरून पैज लागली आहे.

तुझे,
आप्पा