टाक्यावर बंदी कशाला? पण गच्चीवर मात्र नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गुरांना पाणी पाजायच्या गोल पत्र्याच्या टाक्यात डुंबणाऱ्या मुलांचा फोटो आला. पाठोपाठ एका वाचकांचं पत्र आलं, की पेंच-कन्हानचं, म्हणजे नागपूरच्या नळाला येणारं पाणी असं उधळणाऱ्यांवर महापालिकेने बंदी घालावी. मी मानेवाड्याला राहते. एका कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली, आणि आमच्या मागच्या अंगणात असं टाकं उन्हाळाभर भरलेलं असतं. म्हणून लिहिते.

आधी पाण्याचं. सहा फूट व्यासाचं टाकं दीड फूट भरायला साधारण १,२०० लिटर पाणी लागतं. निगा राखली तर तेच पाणी महिनाभर चालतं, वरून फक्त उडून गेलेल्याची भर घालायची. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रंदिवस चालणारा मोठा कूलर महिन्याला याहून जास्त पितो, त्याच्यावर कोणी बंदी मागितलेली मला आठवत नाही. उधळपट्टी होते ती हवा भरायच्या प्लास्टिकच्या टबांत. पोट्टे खेळून उठले की गढूळ पाणी फरशीवर ओतायचं आणि सकाळी पुन्हा नळी लावायची, असा तो कारभार.

फोटोतलं टाकं गच्चीवर होतं, त्याची मात्र धास्ती वाटली. घराच्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरून आखलेला असतो. दीड फूट पाण्याचा भार त्याच चौरस मीटरला ४५० किलोच्या वर जातो, आणि त्यात उड्या मारणारी मुलं वेगळी. अमेरिकेत हे टाकं परसात, जमिनीवर ठेवतात. तिथलं नेहमीचं माप आठ फूट व्यास आणि दोन फूट उंची. तेवढं दीड फूट भरलं तरी दोन टनांवर जातं.

जमिनीवर ठेवतानाही आपल्याकडे काळ्या मातीचा प्रश्न आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर ठेवलेलं टाकं एका बाजूला कलतं, आणि सिमेंटचा हौद असेल तर तडकतो. मुरूम ठोकून वर चुरीचा थर द्या, पाणसळ लावून बघा आणि मग भरा. काळं प्लास्टिक भर उन्हात ठेवलं तर दुपारी पाणी अंगाला चटके देतं. पत्र्याचं टाकं कडेला तापतं. वर हिरवी जाळी हवीच. कडुनिंबाची सावली गार खरी, पण एप्रिलमधला त्याचा मोहोर पाण्यात पडला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. मी स्वतः जस्ताच्या पत्र्याचं घेतलं, कारण रिकामं झालं की दोघांना उचलता येतं. घेताना तळाशी तोटीची सोय आहे का, ते आधी बघावं. तोटी प्लास्टिकची घ्यावी, कारण पितळ आणि जस्त पाण्यात एकत्र राहिले की जस्त झिजतं.

आता माझ्या आवडीचा विषय. पोहण्याच्या पाण्यात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं आणि पीएच ७.२ ते ७.८ राहावा. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन तीस टक्क्यांच्या आसपास धरलं, तर १,२०० लिटरला ८ ग्रॅम पावडर पुरते. ही मात्रा स्वच्छ पाण्याची. मुलं डुंबली, घाम आणि माती आली, की त्यातलं बरंच संपतं, म्हणून अंदाजाने मुठी टाकण्यापेक्षा तपासून घालावं. गावोगाव पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायची चाचणी) करतात, तो संच किंवा तपासणीच्या पट्ट्या चालतात. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाक्यात घालायची. हे काम सूर्य मावळल्यावर करावं, कारण भर उन्हात क्लोरीन बघता बघता उडतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन घालताच पाणी तांबूस होतं, घाबरायचं कारण नाही. कडेला धरलेले पांढरे डाग काढायला मात्र संडासाचं अ‍ॅसिड कधीच वापरू नका. जस्त तर खातंच, पण ब्लीचिंगशी गाठ पडली की क्लोरीनचा वायू सुटतो. प्रयोगशाळेत तो धुराड्याखाली हाताळत होतो आम्ही. काथ्याने घासलं की पुरतं.

क्लोरीन आहे म्हणजे डास होणार नाहीत, अशी समजूत कॉलनीत सर्रास ऐकते. एवढ्याशा मात्रेवर डेंग्यूच्या डासाच्या अळीचा भरवसा धरता येत नाही. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं, असं समजू नये. आमच्या टाक्यावर मुलं बाहेर आली की मच्छरदाणीचं कापड ताणून सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेलं असतं, आणि आठवड्याला पाण्याच्या रेषेपाशी घासणं होतं. कोणी गप्पी मासे सुचवतात. ते हौदाला उत्तम, पण क्लोरीनच्या पाण्यात मरतील. आधी काय ठेवायचं ते ठरवा. मृगाच्या आधी टाकं घासून उपडं घालायचं. शेवटचं पाणी दोन दिवस क्लोरीनशिवाय जाळीखाली राहू दिलं की आमच्या मोसंबीला जातं.

आणि वीज. पाणी फिरवायला कूलरचा पंप सोडण्याची टूम निघाली आहे. कूलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपणच छापता. लोखंडी टाकं, त्यात ओलं मूल आणि खिडकीतून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड, असं चित्र आपल्या फोटोत कोपऱ्यात स्पष्ट दिसत होतं. तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला असला, तरी मुलं आत असताना पंपाची पिन काढलेलीच असली पाहिजे. आणि दीड फूट पाणी लहान लेकराला बुडायला पुरतं, तेव्हा जवळ मोठं माणूस बसलेलं हवं, मोबाइलविना.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर गच्चीचं आणि पिनेचं जरूर यावं. बंदी मागणाऱ्या वाचकांना महापालिकेला काही सांगायचंच असेल, तर कूलरमधल्या अळ्या बघायला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना अंगणातली टाकीही तपासायला सांगा. आमचं फाटक उघडंच असतं.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर